जातं थांबलं, आजी बसली

 

आज मी इतिहास सांगणार आहे. इतिहास म्हटलं की आपल्याला चांद्याचा परकोट आठवतो, गोंडराजे आठवतात, चिमूरचा १९४२ चा लढा आठवतो. तो इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे. आजचा विषय मात्र कोणत्या पुस्तकात फारसा नाही. आपल्या आजीच्या कंबरेचा, गुडघ्यांचा आणि पायांचा हा इतिहास आहे.

आपल्या पणजीनं ‘व्यायाम’ हा शब्द कधी वापरला नसेल. पण ती म्हातारपणीही जमिनीवर उकिडवी बसायची आणि कशालाही न धरता उठायची. आज गटाच्या बैठकीत पाहा. साठीच्या मावशी भिंतीला टेकून बसतात आणि उठताना दोन जणींनी हात द्यावा लागतो. मधल्या साठ-सत्तर वर्षांत काय झालं? काय कमावलं आणि काय गमावलं? त्याचा हिशोब आज मांडू. आपण गटात पैशाचा हिशोब ठेवतो ना, तसाच.

आधी आपला मुलूख डोळ्यांपुढे आणा. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, त्याआधी दोन्ही मिळून एकच चांदा जिल्हा होता. वरोरा, भद्रावती, राजुऱ्याकडे ज्वारी आणि कापूस. तिथं बाईचा दिवस जात्यावर सुरू व्हायचा. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, आरमोरी, वडसा या झाडीपट्टीत धान. तिथं उखळ-मुसळ आणि पायानं दाबायची ढेकी. धानोरा, एटापल्ली, भामरागडकडे धान, कोसरी आणि जंगल. पीक बदललं तरी एक गोष्ट सगळीकडे सारखी होती. घरात शिजणारा प्रत्येक दाणा आधी बाईच्या दंडातून आणि कंबरेतून जायचा.

त्या काळच्या एका दिवसाची बेरीज करून बघा. पहाटे दळण किंवा कांडण. मग विहिरीवर किंवा नदीवर पाण्याच्या खेपा, डोक्यावर गुंड, कडेवर लेकरू. मग शेत. येताना सरपणाची मोळी. उन्हाळा लागला की उजाडायच्या आत मोहाच्या झाडाखाली. मोहफूल जमिनीवर पडतं आणि एक-एक वेचावं लागतं, म्हणजे दोन-तीन तास उकिडवं बसून पुढे सरकत राहायचं. मे महिन्यात तेंदूपत्ता, कितीतरी कोस चालणं. पावसाळ्यात रोवणी, गुडघाभर चिखलात वाकून. दिवाळीच्या आसपास धानकापणी. आणि सणावाराला रात्री हातात हात गुंफून रेला नाच, म्हातारीसुद्धा रांगेत.

ढेकीवर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायानं दाबायचं. म्हणजे तोल सांभाळायचा, मांड्यांना जोर लावायचा. डोक्यावर भरलेला गुंड घेऊन उंच-सखल वाटेनं चालायचं, म्हणजे पाठीचा कणा सरळ, मान ताठ, पाय जपून. आज दवाखान्यात म्हाताऱ्या माणसाला ताकदीचा व्यायाम, तोलाचा व्यायाम, दमाचा व्यायाम असे तीन प्रकार सांगतात. आपल्या पणजीच्या दिवसात हे तिन्ही होते, फक्त त्यांना नाव नव्हतं.

आता कोणी म्हणेल, म्हणजे जुनं तेच सोनं! नाही बायांनो, इथंच आपण फसतो. हिशोबाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे.

त्या काळात म्हातारपण बघायला मिळायचं किती जणींना? १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांताची कंबर मोडली, त्यात चांदा जिल्हाही होता. १९१८ च्या तापाच्या साथीनं घरंच्या घरं रिकामी केली. देश स्वतंत्र झाला तेव्हा भारतातल्या माणसाचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. लहानपणी दगावणारी लेकरं खूप होती, बाळंतपणात जाणाऱ्या बायाही खूप. आज ते सरासरी आयुर्मान सत्तरच्या आसपास आलं आहे. म्हणून ‘जुनी माणसं काटक होती’ असं म्हणताना आठवण ठेवा की आपण वाचलेल्या काटक माणसांबद्दल बोलतो. जी टिकली नाहीत, त्यांचे फोटोही आपल्याकडे नाहीत.

आणि ज्या टिकल्या, त्या काय सोसत होत्या? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. त्यातल्या शंभरपैकी ९२ जणींना बायकांचा काही ना काही आजार होता. आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या बाया शंभरात आठच. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि जगभरच्या डॉक्टरांना धक्का बसला. आपल्या बायांना मात्र धक्का बसला नसेल. त्यांना ते माहीतच होतं, विचारलं कोणी नव्हतं.

कंबरदुखीचंही तसंच. रोवणीत दिवस-दिवस वाकून, डोक्यावर ओझं वाहून मणके झिजतात. बाळंतपणानंतर लगेच जड उचलल्यानं अंग बाहेर येतं. पोटात पुरेसं अन्न नाही आणि अंगावर ढोरमेहनत, अशानं शरीर कमावलं जात नाही, झिजतं. धानोरा तालुक्यातल्या चातगावजवळच्या शोधग्रामच्या दवाखान्यात मणक्याच्या आजारासाठी मुंबईचे तज्ज्ञ डॉक्टर येऊन शिबिरं घेतात. मणक्यांच्या डॉक्टरांना इतक्या दूर यावं लागतं, यातच आपल्या कष्टांचा इतिहास आला.

तेव्हा एक गोष्ट पक्की करून पुढे जाऊ. कष्ट आणि व्यायाम सारखे नाहीत. कष्टात काम किती करायचं हे धान ठरवतं, मालक ठरवतो, पाऊस ठरवतो. व्यायामात किती करायचं हे आपलं शरीर ठरवतं. कष्टात थकलं तरी थांबता येत नाही. व्यायामात थांबता येतं, आणि उद्या थोडं जास्त करता येतं.

आता कष्ट कसे गेले ते पाहू. आधी गावात पिठाची चक्की आली, पट्ट्यावर चालणारी, भकभक आवाज करणारी. मग धान कांडायची मिल आली. ज्या दिवशी चक्की सुरू झाली त्या दिवशी जातं कोपऱ्यात गेलं आणि ढेकी गोठ्यात. मग आला हातपंप. देशभर जो हातपंप पोचला, तो इंडिया मार्क टू, त्याच्या घडणीत आपल्या महाराष्ट्रातल्या जालना आणि सोलापूरच्या पंपांचा मोठा वाटा होता. दुष्काळी गावांत सतत मोडणारे जुने पंप पाहून तिथल्या लोकांनी मजबूत पंप तयार केले होते, त्यावरूनच पुढचा पंप घडला. नंतर नळ आला. २०१६ मध्ये उज्ज्वला योजनेचा गॅस आला, मोळी कमी झाली, डोळ्यांतला धूर कमी झाला.

यातली एकही गोष्ट परत द्यायची नाही. जातं परत आणा असं मी कधीच म्हणणार नाही. चक्कीमुळे बाईला पहाटेची दोन तास झोप मिळाली, मुलीला शाळा मिळाली. आपल्या गटाच्या बैठकीला वेळ मिळतो तो याच यंत्रांमुळे.

पण यंत्रानं काम काढून घेतलं तेव्हा त्या कामातून शरीराला जे मिळत होतं तेही गेलं, आणि त्याच्या जागी दुसरं काही ठेवायचं हे कोणी सांगितलं नाही. तरुण बाईचं फारसं बिघडलं नाही, तिला शेत आहे, रोजी आहे. बिघडलं ते म्हातारीचं. पूर्वी रोवणी सुटली तरी म्हातारीला बसून निवडणं, थोडं कांडणं, अंगणातल्या विहिरीवरून पाणी, नातवंडांना घेऊन रानात जाणं, अशी उतरत्या वयाची उतरती कामं होती. शरीर हळूहळू कामातून निघायचं. आता एका दिवसात निघतं. सून घरात आली, मुलगा म्हणतो, “माय, तू आता बस. लई केलंस.”

मुलगा प्रेमानं म्हणतो. गावही म्हणतं, सासूला बसवून खाऊ घालते, सून चांगली आहे. आपल्याकडे म्हातारीचा मान म्हणजे तिला बसवणं. आणि ती बसते. सहा महिन्यांत मांड्या बारीक होतात, वर्षभरात उठताना तोल जातो, मग एक दिवस न्हाणीत पाय घसरतो. पाळी गेल्यावर बाईची हाडं तशीही झपाट्यानं ठिसूळ होतात. खुब्याचं हाड मोडलं की खाट. खाटेवर पडलं की छातीत कफ, पाठीला जखमा. आपण म्हणतो, वय झालं होतं. वय झालंच होतं, पण अर्धं काम बसण्यानं केलं.

मी सहयोगिनी म्हणून गावोगाव गटांची दप्तरं तपासते. ‘कर्ज कशासाठी’ या रकान्यात बियाणं असतं, शेळी असते, शिलाई मशीन असते. आणि वारंवार दिसतं, ‘सासूचं आजारपण’, ‘आईचा पाय मोडला’. शेळीचं कर्ज शेळी फेडते. मोडलेल्या पायाचं कर्ज सुनेची रोजी फेडते. म्हणून हा विषय आरोग्याचा आहे तितकाच बचतीचाही आहे.

व्यायामाच्या इतिहासात बाया कुठे होत्या हेही बघितलं पाहिजे. विदर्भाला व्यायामाची परंपरा मोठी. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, त्याचे खेळाडू १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी जर्मनीत जाऊन मल्लखांब आणि देशी खेळ दाखवून आले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी तरुणपणी चिमूरकडच्या जंगलात साधना केली, पुढे खेड्यापाड्यांत भजनाबरोबर सफाई आणि व्यायामही नेला, ग्रामगीतेत गावाच्या आरोग्यावर वेगळा अध्याय लिहिला. पण गावातला आखाडा म्हटला की तो तरुण पोरांचा. म्हातारीसाठी आखाडा कोणी बांधला नाही. तशी गरजही कोणाला वाटली नाही, कारण तिचा आखाडा घरातच होता, चुलीपासून विहिरीपर्यंत. तो मोडला तेव्हा आवाजही झाला नाही.

आता थोडं जगात जाऊन येऊ, कारण बसण्यानं काय होतं हे जगाला कळायलाही बराच वेळ लागला. लंडन शहरात दोन मजली बस धावतात. एक चालक, तो दिवसभर बसलेला. तेव्हा एक वाहकही असायचा, तो तिकिटं फाडत दिवसाला पाचशे-साडेसातशे पायऱ्या चढणारा. दोघं एकाच बसमध्ये, पगार-पाणी, घरदार जवळपास सारखं. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी अशा हजारो कामगारांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ मध्ये जगाला सांगितलं की बसून काम करणाऱ्या चालकांना हृदयाचा आजार जास्त होतो, पायऱ्या चढणाऱ्या वाहकांना कमी. त्याआधी असं कोणी इतक्या नीट मोजून दाखवलं नव्हतं. म्हणजे आपल्या गावात चक्क्या येऊ लागल्या, साधारण त्याच काळात तिकडे बसण्याचा धोका कळू लागला. पण ती बातमी आपल्यापर्यंत कोण आणणार?

तरी मनात येतंच, तरुणांचं ठीक आहे, सत्तरीनंतर काय उपयोग? याचं उत्तर १९९० मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या एका वृद्धांच्या संस्थेतून आलं. तिथल्या दहा अगदी थकलेल्या माणसांना घेतलं. वय ८६ ते ९६. आठवड्यातून तीन दिवस बसून पायानं वजन उचलायला लावलं, सोसेल तसं वाढवत नेलं. आठ आठवड्यांत त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. दोघांनी तर काठी सोडून दिली. व्यायाम थांबवल्यावर मात्र चार आठवड्यांतच त्या ताकदीतला बराच भाग ओसरला. यात दोन धडे आहेत. नव्वदीतही स्नायू नवा होतो. आणि तो पुरचुंडीत बांधून ठेवता येत नाही, रोज थोडा कमवावा लागतो.

तिसरी गोष्ट जपानची, ती तर आपल्या रेडिओसाठीच आहे. १९२८ मध्ये जपानमध्ये रेडिओवर रोज सकाळी व्यायाम सुरू झाला. वाजंत्रीच्या तालावर सूचना येतात, आणि गल्लीत, मैदानात, शाळेच्या अंगणात जमलेली माणसं सोबत हात-पाय हलवतात. महायुद्धानंतर काही काळ तो बंद पडला, १९५१ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि आजही चालू आहे. आज त्यात सगळ्यात नेमानं येतात ते म्हातारे-म्हाताऱ्या. जपानमध्ये माणसं जगात सर्वाधिक जगणाऱ्यांपैकी आहेत. त्याला खाणंपिणं, दवाखाने अशी कितीतरी कारणं आहेत, सगळं श्रेय रेडिओला द्यायचं नाही. पण रोज सकाळी एका म्हातारीनं घराबाहेर येऊन दहा शेजारणींसोबत दहा मिनिटं उभं राहणं, यासाठी पैसा लागत नाही, जागा लागत नाही. ऐकणारा कान आणि ठरलेली वेळ लागते.

आता परत आपल्या जिल्ह्यात येऊ. सर्चच्या डॉक्टरांनी गडचिरोलीच्या ८६ गावांत एप्रिल २०११ पासून दोन वर्षं झालेल्या प्रत्येक मृत्यूची चौकशी केली. आपल्याला वाटेल मलेरिया, क्षय, साप. पण सगळ्यांत मोठं एकच कारण निघालं पक्षाघात, ज्याला आपण लकवा म्हणतो. दर सात मृत्यूंमागे एक लकव्याचा. आणि त्यातल्या बहुतेक जणांनी घरीच प्राण सोडला. जंगलातल्या खेड्यात, जिथं आपण म्हणतो शहराचे रोग नाहीत, तिथं हे चित्र.

लकव्याचं मुख्य कारण वाढलेला रक्तदाब. तो दुखत नाही, म्हणून कळत नाही. मीठ, दारू, खर्रा, गुडाखू आणि बसून राहणं, ही त्याची खतं. रोज चालण्यानं आणि हालचालीनं रक्तदाब खाली यायला मदत होते. पण ज्यांना गोळी चालू आहे त्यांनी गोळी सोडायची नाही. चालणं गोळीच्या सोबत, गोळीच्या बदल्यात नाही. दारूबद्दल या जिल्ह्यानं देशाला शिकवलं आहे. बायांनी आणि गावांनी रेटा लावला, १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली. खर्रा मात्र अजून आपल्याच कनवटीला आहे, आणि पुडी सोडायला बैठकीत एकमेकींनाच सांगावं लागेल.

दुखणं घेऊनही शरीर चालतं ठेवता येतं का? याच मातीत बाबा आमटे होऊन गेले. वरोऱ्याला साधनाताईंसोबत आनंदवन उभं केलं, ज्यांना समाजानं टाकून दिलं त्या कुष्ठरोग्यांच्या हाताला काम दिलं. बाबांच्या मणक्याचा आजार इतका होता की त्यांना बसता येत नसे, उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं. तरी सत्तरी ओलांडल्यावर, १९८५ मध्ये ते तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडोला निघाले, सायकलवर तरुण आणि गाडीत आडवे झालेले बाबा. ९३ वर्षं जगले. आजार गेला नाही, पण आजारानं त्यांना बसवलं नाही.

बाया विचारतील, ते बाबा होते, आपलं काय? तर विदर्भातून बारामतीकडे पोट भरायला गेलेल्या लताबाई करे यांचं नाव ऐकलं असेल. साठी ओलांडलेल्या शेतमजूर बाई. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून नऊवारीत, अनवाणी पायांनी मॅरेथॉनमध्ये धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःचंच काम केलं. मला त्या गोष्टीत दोन्ही गोष्टी दिसतात. जन्मभराच्या मेहनतीनं घडवलेले पाय, आणि औषधाच्या पैशासाठी साठीत धावायची वेळ. पहिलीचा अभिमान धरायचा, दुसरी कोणावर येऊ नये म्हणून झटायचं.

आणि आपण झटू शकतो, याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. १९९० च्या दशकात सर्चनं ३९ गावांत साध्या, थोडं शिकलेल्या गावातल्याच बायांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास कसा मोजायचा, संसर्ग कसा ओळखायचा, हे त्यांनी शिकून घेतलं. काही वर्षांतच त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ मध्ये जगापुढे आला, आणि आज देशभर आशाताई घरी येऊन बाळ बघतात त्यामागे हे काम आहे. आयुष्याच्या पहिल्या टोकाला बायांनी हात दिला आणि लेकरं वाचली. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं दहा कोटींच्या वर होती आणि त्यात बाया पुरुषांपेक्षा जास्त होत्या. आता आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला हात द्यायची पाळी आहे.

मग करायचं काय? गटाची बैठक आठवड्याला होतेच. बचत जमा झाली, सह्या-अंगठे झाले की पंधरा मिनिटं आज्यांसाठी ठेवा. ज्यांच्या घरी सासू, आई, काकू आहे त्यांनी सोबत आणायचं. खाट किंवा घट्ट बसणारी खुर्ची भिंतीला लावा. त्यावर बसायचं, हात छातीशी धरून उठायचं, पुन्हा बसायचं. पाचदा, सोसलं तर दहादा. ज्यांना हाताशिवाय जमत नाही त्यांनी आधी हात लावून. हा मांड्यांचा व्यायाम. मग खांबाला एक हात धरून एका पायावर उभं राहायचं, दहा आकडे मोजेपर्यंत, मग दुसरा पाय. शेजारी एक जण उभी हवीच. हा तोलाचा, ढेकीवरच्या पायासारखा. मग पाण्यानं अर्धा भरलेला लोटा प्रत्येक हातात घेऊन कोपरातून वर-खाली. आणि शेवटी, जिथं रेला येतो तिथं रेल्याची रांग धरा, नाहीतर फुगडीचा ताल धरा, हळू. हातात हात असला की पडायची भीती जाते.

हे बैठकीत शिकायचं आणि घरी करायचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या वयातही आठवड्याला किमान दीडशे मिनिटं चालण्यासारखी हालचाल हवी, आणि तीन दिवस ताकदीचा व तोलाचा व्यायाम. दीडशे मिनिटं म्हणजे रोज साधारण वीस-बावीस मिनिटं. देवळापर्यंत दोनदा जाऊन यायचं, इतकंच. ज्यांना तेवढं झेपत नाही त्यांनी दारापासून अंगणापर्यंत. काहीच न करण्यापेक्षा थोडं केव्हाही बरं.

सुरुवात करण्याआधी आशाताईंना सांगून उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. तिशीनंतर प्रत्येकीची ही तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते. चालताना छातीत दुखलं, दम कोंडला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथंच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोबडं बोलायला लागलं, तर तो लकवा. बाहेरची बाधा म्हणून वेळ घालवू नका, लगेच १०८ ला फोन. आणि घर तपासा. न्हाणीतला शेवाळलेला दगड, उंच उंबरठा, गोठ्याकडच्या वाटेवरचा अंधार, या तीन ठिकाणी म्हातारी पडते. दगड घासायला आणि एक दिवा लावायला कर्ज लागत नाही.

ताटाकडेही बघा. स्नायू हवेतून बनत नाही. घरात अंडं, मासोळी, वरण शिजतं तेव्हा आजीच्या वाट्याला रस्सा येतो. तिला दात नसतील तर वरण घट्ट करा, अंडं कुस्करून द्या.

एक प्रश्न हमखास येतो. आम्ही दिवसभर शेतात राबतो, आम्हाला व्यायाम कशाला? रोवणीच्या महिन्यात नका करू, तेव्हा रात्री पाठ टेकून झोपा, ओझं दोन खेपांत वाहा, बसून करता येईल ते काम वाकून करू नका. पण रोवणी आणि कापणी संपली की मधले महिने असतात, आणि पासष्टीनंतर रोवणी सुटतेच. ज्या दिवशी ती सुटेल त्या दिवशी एकदम खाट धरायची नाही, यासाठी हे आहे.

आणि घरात मुलगा “माय, तू बस” म्हणाला तर भांडू नका. त्याला सांगा, बसेन रे, पण आधी फिरून येते. जी म्हातारी स्वतःच्या पायानं शौचाला जाते, स्वतः ग्रामसभेत जाऊन बसते, स्वतः बँकेत जाऊन अंगठा देते, तिचा शब्द घरात चालतो. खाटेवर पडलेलीचा शब्द हळूहळू कमी होत जातो. तिच्या नावचं शेत, तिच्या खात्यातलं निराधारचं अनुदान, यावर दुसरेच बोलू लागतात. पायात बळ असणं म्हणजे घरात बळ असणं, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको.

पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येकीनं एक काम करायचं आहे. घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला तीन गोष्टी विचारा. गावात चक्की कोणत्या साली आली? त्याआधी किती वाजता उठायचीस? आणि आता जमिनीवरून न धरता उठता येतं का? उत्तरं गटाच्या दप्तरात शेवटच्या पानांवर लिहा, तारखेसह. पहिल्या दोन उत्तरांतून आपल्या गावाचा न लिहिलेला इतिहास जमा होईल. तिसऱ्या उत्तरासमोर थोडी जागा मोकळी ठेवा. तीन महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारायचा आहे.